आधी वेदना थांबवा : न्यूझीलंडची इच्छामरण सेवा आणि आपण

“आता सोडवा मला यातून.” कॅन्सर शेवटच्या टप्प्याला गेला, दवाखान्याने ‘घरी घेऊन जा’ म्हणून सांगितले, की वस्तीतल्या एका खोलीच्या घरात हे शब्द ऐकू येतात. मग कुणीतरी म्हणते, परदेशात तर सरकारच इच्छामरण देते. देते, पण कसे, हे समजून घेण्यासाठी आम्ही न्यूझीलंडचे उदाहरण निवडले आहे.

तिथल्या संसदेने २०१९ साली कायदा केला, पण तो लोकांना विचारूनच लागू करायचे ठरले. ऑक्टोबर २०२० मध्ये सार्वमत झाले. सुमारे ६५ टक्के मते बाजूने पडली. त्यानंतर वर्षभर आरोग्य मंत्रालयाने तयारी केली आणि ७ नोव्हेंबर २०२१ पासून सेवा सुरू झाली. ती मोफत आहे.

अटी मात्र कडक आहेत. वय १८ च्या पुढे, तिथले नागरिकत्व किंवा कायम रहिवास, सहा महिन्यांत जीव घेईल असा आजार, शरीराची न भरून येणारी उतरण, सोसवत नाही असे दुःख आणि शाबूत बुद्धी, हे सगळे एकत्र हवे. नुसते म्हातारपण, अपंगत्व किंवा मानसिक आजार चालत नाही. दोन डॉक्टर स्वतंत्रपणे तपासतात. रुग्णाच्या निर्णयक्षमतेबद्दल शंका असेल तर मानसोपचारतज्ज्ञ तपासतो. निबंधक कागद पाहतो. शेवटच्या क्षणी औषध देण्याआधी पुन्हा विचारतात. रुग्ण ‘नको’ म्हणाला की थांबायचे. घरच्यांचा दबाव असल्याचे दिसले तरी थांबायचे. ज्या डॉक्टरला हे पटत नाही त्याच्यावर सक्ती नाही, पण दुसरा डॉक्टर कुठून मागायचा ते त्याने रुग्णाला सांगितलेच पाहिजे.

आम्हाला सगळ्यात मोलाचा वाटला तो वेगळाच नियम. हा विषय डॉक्टरने स्वतःहून काढायचा नाही. रुग्णाने विचारले तरच बोलायचे. विनयपिटकातला तिसरा पाराजिक नियम इथे आठवतो. मनुष्यवध तर दूरच, मरणाची स्तुती करून कुणाला मरायला लावणाऱ्या भिक्खूलाही संघात जागा नाही. दुबळ्या माणसाच्या कानात ‘तू आता ओझे झालास’ हे किती सहज घालता येते, हे तथागतांनी ओळखले होते. बाबासाहेबांनी अहिंसेला आंधळा नियम न मानता तत्त्व मानले, हेही खरे. म्हणून उपासकांमध्ये या प्रश्नावर मतभेद असू शकतात, असावेत.

पहिल्या पाच महिन्यांत, मार्च २०२२ अखेर, २०६ जणांनी अर्ज केले. त्यातल्या ६६ जणांचे मरण या सेवेतून झाले. बाकीच्यांत कुणी अपात्र ठरले, कुणाचे मन बदलले, कुणी वाट पाहतानाच गेले. अर्जदारांत बहुतेक गोरे होते. माओरी, म्हणजे तिथले मूळचे लोक, लोकसंख्येच्या मानाने फार कमी. ज्यांना दवाखान्यात नीट उपचार मिळण्याचीच खात्री नाही, त्यांचा मरणाच्या सोयीवर विश्वास बसायला वेळ लागणारच. आपल्याला हे वेगळे समजावून सांगायला नको.

भारतात असे औषध देणे गुन्हा आहे. मात्र मुंबईच्या केईएम रुग्णालयातील परिचारिका अरुणा शानबाग यांच्या खटल्यात २०११ साली, आणि पुढे २०१८ साली, सर्वोच्च न्यायालयाने बरे होण्याची आशा नसलेल्या रुग्णाचे कृत्रिम उपचार थांबवायला वाट मोकळी केली. त्यासाठी माणूस शुद्धीत असताना इच्छापत्र करून ठेवू शकतो. २०२३ च्या सुधारणेनंतर ते सोपे झाले आहे. दोन साक्षीदार आणि नोटरी किंवा राजपत्रित अधिकारी पुरतो, न्यायाधीशाकडे जावे लागत नाही. आपल्या वतीने कोण बोलेल त्याचे नाव त्यात लिहावे. व्हेंटिलेटरसाठी दागिने गहाण टाकण्याची वेळ येण्यापूर्वी घरात हे बोलून घ्या.

आणि वेदनेचे काय? मॉर्फिनची गोळी महाग नाही. २०१४ साली कायदा सुधारून ती मिळण्यातले अडथळे कमी केले, तरी अनेक रुग्णांपर्यंत ती पोचत नाही. परळच्या टाटा रुग्णालयात वेदनाशमनाचा, म्हणजे पॅलिएटिव्ह केअरचा, वेगळा विभाग आहे. इतरत्र उपचार चालू असतील तर डॉक्टरांना थेट विचारा, “पॅलिएटिव्ह केअर कुठे मिळेल? मॉर्फिन कोण लिहून देईल?” आणि त्यांचे उत्तर केसपेपरवर लिहून घ्या.