सशांचे पचनविकार
पाळीव सशांच्या अन्नमार्गाचे विकार. सशाच्या अन्नातील तंतुमय भागाचे किण्वन मोठ्या उंडुकात (आंधळ्या आतड्यात) सूक्ष्मजंतूंकडून होते. तेथे बनलेल्या मऊ लेंड्या ससा पुन्हा खातो. हा विकार नव्हे. गवताऐवजी पाव, बिस्किटे व धान्य दिल्यास आतड्यांची हालचाल मंदावते, वायू साठतो आणि वेदनेमुळे ससा खाणे सोडतो. त्याला उलटी होत नसल्याने जठर वरून रिकामे होऊ शकत नाही. म्हणून सुमारे १२ तास न खाल्लेल्या व लेंड्या न टाकलेल्या सशाला पशुवैद्याकडे नेण्यास विलंब करू नये. तळवलीहून (नवी मुंबई) परळच्या बाई साकरबाई दिनशा पेटिट पशुरुग्णालयापर्यंतचा प्रवास लांबचा असून उन्हाळ्यात तो सकाळी लवकर करणे बरे; उष्णता सशाला सोसत नाही. क्ष-किरण तपासणीने आतड्यात अडथळा नसल्याची खात्री झाल्यावर वेदनाशामके, द्रव व पिचकारीने पातळ तंतुमय अन्न देतात. कुत्र्यासाठी आणलेले पेनिसिलीन वर्गातील औषध सशाला तोंडावाटे देणे प्राणघातक ठरू शकते, कारण त्याने उपयुक्त जंतू मरून विषोत्पादक क्लॉस्ट्रिडियम वाढतात. पिलांतील अतिसार मात्र पुष्कळदा आयमेरिया या परजीवींमुळे होतो. पावसाळ्यात पिंजऱ्याचा तळ ओला राहिल्यास त्यांचा प्रसार वाढतो. यावर सल्फा औषधे वापरतात.