चढावरची सायकल

रत्नागिरीत सायकलने कामावर जायचं म्हणजे चढ चुकत नाही. गुडघा दुखू लागला तेव्हा मी सायकल विकायलाच काढली होती. दुरुस्तीवाला म्हणाला, "चाचा, आधी सीट वर घ्या." पायडल तळाशी असताना गुडघा किंचितच वाकावा, सीट खाली असली की भार वाटीवर येतो.

दुसरी चूक घाईची. माणूस-सायकल मिळून ९० किलो, चढ १०० मीटर उंच. वारा, घर्षण सोडलं तरी १० मिनिटांत चढायला सुमारे १५० वॅट शक्ती लागते. २० मिनिटांत निम्मीच. तेव्हा घरून लवकर निघावं. गिअर नसेल तर मात्र कितीही हळू गेलं तरी पायडलवरचा जोर कमी होत नाही. तिथे सरळ उतरून ढकलावी. लोक बघतात, मीही आठवडाभर मान खाली घालूनच ढकलली.