'हाउस' आणि 'हाझ' : साम्य दिसते, नाते नाही

इंग्रजीत घराला 'हाउस' म्हणतात, तर हंगेरियन भाषेत 'हाझ'. अर्थ एकच आणि उच्चारही जवळपास सारखा. हे शब्द एकाच मुळाचे असावेत, असे कोणालाही वाटेल. भाषाशास्त्र मात्र ते साफ नाकारते. उलट, शंभर या अर्थाचे इंग्रजी 'हंड्रेड' आणि हंगेरियन 'साझ' हे कानाला मुळीच न जुळणारे शब्द एकाच मुळाशी पोहोचतात. हे कोडे उलगडते ते व्यंजनबदलाच्या नियमांमुळे.

इंग्रजी ही भारत-युरोपीय कुळातील जर्मानिक गटाची भाषा. या गटात इसवी सनापूर्वीच मूळच्या प, त, क या व्यंजनांचे अनुक्रमे फ, थ, ह झाले. संस्कृतातील 'पाद', 'पंच' व 'त्रि' यांच्यासमोर इंग्रजीत 'फूट', 'फाइव्ह' व 'थ्री' उभे राहतात. लॅटिन 'कोर्नू' म्हणजे शिंग, ते इंग्रजीत 'हॉर्न' होते. यातील फ हा 'फळ'मधला नव्हे, तर वरचे दात खालच्या ओठाला टेकवून काढलेला घर्षक ध्वनी होय. डेन्मार्कचे रास्मुस रास्क यांनी १८१८ मध्ये हे बदल दाखवून दिले आणि जर्मनीचे याकोब ग्रिम यांनी १८२२ मध्ये त्यांना नियमाचे रूप दिले.

हंगेरियन ही युरोपात बोलली जात असली, तरी तिचे कूळ वेगळे, उरालिक. फिनिश ही तिची दूरची बहीण. फिनिशने जुनी व्यंजने बऱ्याच अंशी जपली असल्याने तुलनेस ती उपयोगी पडते. झाडाला फिनिशमध्ये 'पू', तर हंगेरियनमध्ये 'फॉ' म्हणतात. मासा 'काला'चा 'हॉल' होतो आणि तीन हा आकडा 'कोल्मे'चा 'हारोम' होतो. म्हणजे येथेही प चा फ आणि क चा ह झाला. दोन परक्या कुळांत हे बदल स्वतंत्रपणे घडले.

तपशिलात मात्र फरक आहे. जर्मानिक गटात क चा ह होताना पुढचा स्वर कोणता, याने फरक पडला नाही. हंगेरियनमध्ये आ, ओ, ऊ यांसारख्या स्वरांपूर्वीच तो बदलला. इ, ए यांसारख्या स्वरांपूर्वी टिकला. शब्दारंभीचा त हंगेरियनने राखला, पण दोन स्वरांमधल्या त चा झ केला. फिनिशमध्ये हाताला 'कॅसि' म्हणतात, त्याचे मूळ अंग 'कॅते'. हंगेरियन शब्द 'केझ'. क कायम, त चा झ!

आता घराकडे वळू. फिनिशमध्ये झोपडीला 'कोता' म्हणतात. ओ पुढे असल्याने क चा ह, त चा झ आणि शेवटचा स्वर लुप्त, की 'हाझ' तयार. इंग्रजी 'हाउस' मात्र जुन्या 'हूस'पासून आला. दोन दिशांनी आलेले वाटसरू एका धर्मशाळेत भेटावेत, तसा हा योगायोग.

'साझ'ची कथा उलटी. फिनिश 'साता' व हंगेरियन 'साझ' हे शब्द उरालिक भाषकांनी प्राचीन काळी भारत-इराणी भाषकांकडून उसने घेतले. संस्कृत 'शत', लॅटिन 'केंटुम' आणि इंग्रजी 'हंड्रेड' यांचेही मूळ तेच. आपले 'शतक' आणि 'शेकडा' त्याच गोतावळ्यातले. शिवाय 'साझ'मध्येही त चा झ झाला आहे. याचा अर्थ, ही उसनवारी त्या बदलाच्या आधीची.

हा प्रश्न केवळ पंडितांपुरता नव्हता. १७६९ मध्ये शुक्राचे अधिक्रमण पाहण्यासाठी नॉर्वेच्या उत्तर टोकाला गेलेल्या यानोश शॉयनोविच यांनी तेथील सामी लोकांची भाषा अभ्यासली आणि ती व हंगेरियन सगोत्र असल्याचे १७७० मध्ये मांडले. स्वतःला हूणांचे वंशज मानणाऱ्या अनेकांना मासेमारांशी जोडलेले हे नाते रुचले नाही. 'माशाच्या तेलाचा वास येणारे नाते' अशी त्याची हेटाळणी झाली. पुढे शांदोर क्योरोशी चोमा हे पूर्वजांच्या शोधात आशियात आले. त्यांच्या हातून १८३४ मध्ये तिबेटी-इंग्रजी शब्दकोश झाला, पूर्वज मात्र सापडले नाहीत. १८४२ मध्ये दार्जिलिंग येथे त्यांचे निधन झाले.

दोन शब्द सारखे दिसले की आपणही चटकन नाते जोडतो आणि त्यावर अभिमानाचे इमले रचतो. अशा वेळी विचारावा असा प्रश्न एकच : हाच बदल इतर शब्दांतही नियमाने दिसतो काय? दिसत नसेल, तर ते साम्य 'हाउस' आणि 'हाझ' यांच्याइतकेच फसवे असू शकते.