परळच्या दोन खोल्यांतून परदेशी शिक्षणाकडे पाहताना

जून १९१३ मध्ये बडोदा संस्थानाशी करार करून भीमराव आंबेडकर अमेरिकेला निघाले, तेव्हा मागे मुंबईत राहिल्या पंधरा वर्षांच्या रमाबाई, सहा महिन्यांचा यशवंत आणि चार महिन्यांपूर्वी रामजी सुभेदारांना गमावलेलं घर. परळच्या पोयबावडीतल्या इम्प्रूव्हमेंट ट्रस्टच्या चाळीत, म्हणजे आपल्या बी.आय.टी. चाळीत, दुसऱ्या मजल्यावरच्या पन्नास आणि एक्कावन्न नंबरच्या दोन खोल्या हेच पुढे बावीसेक वर्षं या कुटुंबाचं बिऱ्हाड होतं. प्लेगच्या साथीनंतर १८९८ मध्ये सुरू झालेल्या ट्रस्टनं कामगारांसाठी बांधलेल्या या चाळी. सामाईक गॅलरी, सामाईक नळ, सामाईक संडास. परदेशी शिकायला जाणाऱ्या मुलामुलींची काळजी कोणी आणि कशी घेतली, याचा मागोवा घ्यायचा तर मला सुरुवात इथूनच करावीशी वाटते. कारण परदेशी शिक्षणाच्या गोष्टीत आपण बोटीवर चढलेल्याचं नाव लक्षात ठेवतो आणि धक्क्यावरून घरी परतलेल्यांना विसरतो.

सयाजीराव गायकवाडांची शिष्यवृत्ती होती महिना साडेअकरा पौंडांची, तीन वर्षांसाठी. न्यूयॉर्कमधला सगळा खर्च त्यात भागवायचा आणि त्यातूनच पोटाला चिमटा घेऊन घरी पाठवायचं. जुलैच्या तिसऱ्या आठवड्यात भीमराव कोलंबिया विद्यापीठात पोचले. पहिला आठवडा हार्टली हॉल या वसतिगृहात काढला, पण तिथलं जेवण काही जाईना. मग पश्चिम ११४ व्या रस्त्यावर हिंदी विद्यार्थ्यांनी चालवलेल्या क्लबात बिऱ्हाड हललं आणि तिथून लिव्हिंग्स्टन हॉलमध्ये. या शेवटच्या खोलीत त्यांना नवल भथेना हा पारशी सोबती मिळाला. देशात ज्या माणसाला खोली भाड्यानं मिळणं मुश्कील, त्याच्याबरोबर परक्या शहरात एका खोलीत राहायला भथेना तयार झाले, आणि ती मैत्री जन्मभर टिकली. बाबासाहेबांच्या चरित्रात ही गोष्ट दोन-तीन ओळींत उरकते. माझ्या मते ती याहून खूप मोठी आहे.

कारण पुढचं शिक्षण या मैत्रीवर तरलं. १९१६ मध्ये भीमराव लंडनला गेले, ग्रेज इन आणि लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्समध्ये नाव घातलं, आणि वर्षभरातच शिष्यवृत्तीची मुदत संपल्यानं त्यांना परत यावं लागलं. चार वर्षांच्या आत येऊन अभ्यास पुरा करण्याची सवलत तेवढी हातात होती. मधल्या काळात बडोद्यात नोकरी करताना राहायला जागा मिळेना. पारशी धर्मशाळेतून त्यांना अपमान करून बाहेर काढलं गेलं. पुढे सिडनहॅम कॉलेजात प्राध्यापकी मिळाली, पगार चारशे पन्नास. त्या पगारातही परळच्या दोन खोल्या सोडल्या नाहीत, कारण पै-पै लंडनसाठी साठवायची होती. साठलेले पैसे, कोल्हापूरच्या शाहू महाराजांचे दीड हजार आणि भथेनांनी उसने दिलेले पाच हजार, एवढ्या बळावर १९२० च्या जुलैत ते पुन्हा निघाले.

दुसऱ्या खेपेची लंडनची तीन वर्षं म्हणजे अर्धपोटी अभ्यासाची वर्षं. धनंजय कीरांनी लिहिलेल्या चरित्रात त्यांचं वर्णन आहे. बोर्डिंग हाऊसची मालकीण कडक, सकाळी नावापुरता नाश्ता, मग दिवसभर ब्रिटिश म्युझियमचं वाचनालय, दुपारच्या जेवणाला फाटा, रात्री बोव्हरिलचा कप आणि कुणा ओळखीच्यानं दिलेले पापड. आपल्याकडे हे प्रसंग जिद्दीची उदाहरणं म्हणून सांगितले जातात. जिद्द होतीच. पण तिशी ओलांडत असलेला, मुंबईत प्राध्यापक म्हणून काम केलेला विद्यार्थी लंडनमध्ये पापडावर रात्र काढतो, यात त्याच्या जिद्दीइतकीच व्यवस्थेची हलाखीही दिसते. मुलांना ही गोष्ट सांगताना तिची ही बाजू झाकू नये.

त्याच वेळी परळमध्ये काय चाललं होतं? रमाबाई शेण गोळा करून गोवऱ्या थापत, हे परळ-दादरच्या वस्त्यांत आजही सांगितलं जातं. पाच मुलांपैकी चार बालपणीच गेली. एकटा यशवंत जगला. बाबासाहेबांनी १९४० च्या अखेरीस प्रसिद्ध झालेलं 'थॉट्स ऑन पाकिस्तान' रमाबाईंच्या स्मृतीला अर्पण केलं, तेव्हा त्या अर्पणपत्रिकेत या ओढगस्तीच्या दिवसांत आपल्याला कोणी मित्र नव्हते, असंही लिहिलं. भथेनांसारखा मित्र असलेल्या माणसानं हे लिहावं? मला वाटतं, ते वाक्य त्यांनी त्या दोघांच्या संसाराविषयी लिहिलं. न्यूयॉर्कला आणि लंडनला विद्यार्थ्याला कोणी ना कोणी भेटलं. परळच्या खोलीत मागे राहिलेल्या बाईला विचारणारं फारसं कोणी नव्हतं.

भीमराव अमेरिकेला निघाले त्याच्या तीस वर्षं आधी आनंदीबाई जोशींच्या वाट्याला उलटं आलं होतं. न्यू जर्सीतल्या रोझेल गावच्या थिओडिशिया कार्पेंटर यांनी एका मिशनरी मासिकात छापलेला पत्रव्यवहार वाचला आणि कधीही न पाहिलेल्या मुलीशी पत्रं सुरू केली. १८८३ मध्ये आनंदीबाई अमेरिकेत उतरल्या तेव्हा त्यांना ही मावशी सापडली. वैद्यकीय शिक्षण मात्र फिलाडेल्फियात, मावशीच्या घरापासून दूर. १८८६ च्या मार्चमध्ये पदवी मिळाली, पण तोवर प्रकृती खचली होती. पुढच्या फेब्रुवारीत पुण्यात त्या गेल्या, वयाची बावीस वर्षंही पुरी झाली नव्हती. त्यांची रक्षा कार्पेंटर कुटुंबाच्या दफनभूमीत, न्यूयॉर्क राज्यातल्या पकिप्सीत आहे. माया होती, पण मायेला आजाराच्या वेळी पुरेल अशी कोणतीही व्यवस्था जोडलेली नव्हती.

व्यवस्था म्हणून सरकारनं जी उभी केली तिच्यावर विद्यार्थ्यांचा विश्वास बसला नाही. लंडनच्या हायगेटमध्ये श्यामजी कृष्णवर्मांचं इंडिया हाऊस उभं राहिल्यानंतर इंडिया ऑफिसनं हिंदी विद्यार्थ्यांसाठी माहिती केंद्र उघडलं आणि ते पुढे क्रॉमवेल रोडवर हललं. खोली शोधून द्यायची, प्रवेशाला मदत करायची आणि सोबत नजरही ठेवायची. मदत करणारा आणि पाळत ठेवणारा एकच असला की अडचणीतला मुलगा त्याच्या दाराशी जात नाही, हे कुठल्याही वसतिगृहाच्या रेक्टरला माहीत असतं. बाबासाहेब लंडनला होते त्याच काळात, १९२१-२२ मध्ये, लॉर्ड लिटन यांच्या अध्यक्षतेखाली हिंदी विद्यार्थ्यांच्या परिस्थितीवर समिती नेमावी लागली. त्या मानाने के. टी. पॉल यांच्या पुढाकारानं १९२० मध्ये लंडनला सुरू झालेलं इंडियन वाय.एम.सी.ए.चं विद्यार्थी वसतिगृह आणि न. चिं. केळकरांच्या हस्ते १९३२ मध्ये स्थापन झालेलं महाराष्ट्र मंडळ, या दोन्ही ठिकाणी लोक आपणहून जात राहिले. दोन्ही संस्था आजही आहेत.

बाबासाहेब १९२३ च्या एप्रिलमध्ये परतले ते पैसे संपल्यामुळे. प्रबंध सुधारून द्यायला सांगितला होता. लंडनला थांबणं परवडत नव्हतं, म्हणून तो मुंबईतून दुरुस्त करून पाठवला आणि त्या वर्षअखेरीस डी.एस्सी. मिळाली. त्यानंतर त्यांनी काय केलं, हे मला या सगळ्या मागोव्यात सर्वांत महत्त्वाचं वाटतं. चाळीपासून हाकेच्या अंतरावर दामोदर हॉल. तिथे मार्च १९२४ मध्ये सभा झाली, जुलैत बहिष्कृत हितकारिणी सभा स्थापन झाली, आणि जानेवारी १९२५ मध्ये सभेनं सोलापुरात विद्यार्थ्यांचं वसतिगृह उघडलं. सभेच्या अगदी पहिल्या कामांत वसतिगृह! १९२८ मध्ये दलित विद्यार्थ्यांच्या वसतिगृहांसाठी वेगळी शिक्षणसंस्था काढली. कोल्हापुरात शाहू महाराजांनी १९०१ पासून वेगवेगळ्या जातींच्या मुलांसाठी बोर्डिंगं काढली होती, तो धडाही समोर होता. आपल्याला भथेना भेटले तो योग होता, आणि योगावर हजारो मुलांचं शिक्षण सोपवता येत नाही. हे त्यांनी कुठे या शब्दांत म्हटलं नसेल. पण वसतिगृहामागून वसतिगृह पाहिलं की ते स्पष्ट दिसतं. १९४२ मध्ये व्हाइसरॉयला दिलेल्या निवेदनात त्यांनी अस्पृश्य विद्यार्थ्यांना परदेशी शिक्षणासाठी सरकारी शिष्यवृत्त्या मागितल्या, त्यामागे लंडनच्या त्या रात्री असणारच.

घर सोडलेल्यांची अशी सोय करणं परळला नवीन नव्हतं. कोकणातून गिरणीत आलेले बापे गावकऱ्यांच्या खोलीत वीस-वीस जण पाळीनं झोपत, खानावळीत जेवत, आणि गावच्या शाळेसाठी वर्गणी काढत. घर सोडलेल्या माणसाला काय लागतं हे इथल्या चाळींना पिढ्यान् पिढ्या ठाऊक होतं. ताट वेळेवर, अंगाला जागा, आणि आजारी पडलं तर के.ई.एम. रुग्णालयात सोबत येणारा कोणीतरी.

आज त्याच परळ-लालबागमधून मुलं डब्लिन, लीड्स, श्टुटगार्टला जातात. उन्हाळ्यात मिरची गल्लीतल्या डंकावर घरच्या वर्षाच्या मसाल्याबरोबर एक किलो जास्तीचा मालवणी मसाला कुटून घेतला जातो. तो हवा काढलेल्या पाकिटांत भरतात आणि आई तेवीस किलोच्या बॅगेत मेतकूट, थालीपीठाची भाजणी आणि कुकर यांच्या मध्ये तो बसवत राहते. परराष्ट्र मंत्रालयाच्या आकडेवारीप्रमाणे २०२४ मध्ये परदेशात शिकणारे भारतीय विद्यार्थी तेरा लाखांवर गेले. जर्मनीला जायचं तर एका वर्षाच्या खर्चासाठी साधारण बारा हजार युरो आधीच गोठवलेल्या खात्यात दाखवावे लागतात. ब्रिटनमध्ये सत्र चालू असताना आठवड्याला वीस तासांहून जास्त काम करता येत नाही. कर्जाचा हप्ता वडिलांच्या नावावर, खोलीत चौघं, आणि घरच्या व्हिडिओ कॉलवर तब्येत विचारली की 'बरी आहे'. २०२० च्या टाळेबंदीत आणि २०२२ च्या फेब्रुवारीत युक्रेनमध्ये अडकलेल्या मुलांच्या आयांना आपण पाहिलं. युक्रेनमधून सरकारनं 'ऑपरेशन गंगा'खाली हजारो मुलं परत आणली. पण बाँब न पडता एकटा पडलेल्या मुलासाठी विमान येत नाही, आणि खचलेली मुलं बहुतेक अशीच, शांत असतात.

महाराष्ट्रात राजर्षी शाहू महाराजांच्या नावानं अनुसूचित जातींच्या पंचाहत्तर विद्यार्थ्यांना परदेशी शिक्षणाची शिष्यवृत्ती मिळते. हा बाबासाहेबांच्या मागणीचाच पुढचा टप्पा. पण हप्ता महिनाभर लांबला तर घरमालकाला काय सांगायचं, हा प्रश्न एकविसाव्या शतकातही विद्यार्थ्याच्या खोलीतच शिल्लक राहतो. हप्त्याची तारीख ठरलेली असावी, आणि ती चुकली तर तिथल्या वकिलातीतून विद्यार्थ्याला घरभाड्यापुरती रक्कम तात्काळ उसनी मिळावी, इतकी साधी सोय का होऊ नये? परराष्ट्र खात्याचं 'मदद' हे संकेतस्थळ २०१५ पासून तक्रारी घेतं. तक्रार करायच्या आधी ज्याला नुसतं बोलायचं आहे त्याच्यासाठी मराठीतून, आपल्या वेळेला नव्हे तर त्याच्या रात्रीच्या वेळेला फोन उचलणारी माणसं हवीत.

२०१५ मध्ये महाराष्ट्र सरकारनं लंडनच्या किंग हेन्रीज रोडवरचं दहा नंबरचं घर विकत घेतलं. बाबासाहेब १९२१-२२ मध्ये तिथे राहत होते. आता ते स्मारक आहे. तिथे दर सप्टेंबरात नव्यानं उतरणाऱ्या मुलामुलींसाठी एक टेबल आणि एक माणूस असावा, खोली कुठे सुरक्षित, कुठला डॉक्टर, विद्यापीठात समुपदेशकाकडे नाव कसं नोंदवायचं, हे सांगणारा. आणि तसाच एक माणूस परळच्या बाजूलाही असावा. मुलगा किंवा मुलगी गेल्यावर महिन्याभरानं घरी येऊन आईवडिलांना, बायकोला विचारणारा, की तुमचं कसं चाललंय.