कापडाच्या व्यापाऱ्याची वाइन, नारायणगावची द्राक्षं

भिवंडीतल्या कामतघरहून निघावं, कल्याण-मुरबाड मागे टाकावं आणि माळशेज घाट चढावा. वऱ्हाळदेवी तलावाकाठची दमट हवा घाटातच सुटते. ओतूरच्या पुढे मळे दिसू लागतात, त्यांत मधूनमधून द्राक्षाचे मंडप. मग येतं नारायणगाव: विठाबाईंचं, तमाशाच्या फडांचं, टोमॅटोच्या बाजाराचं. जवळच खोडदला ती प्रचंड रेडिओ दुर्बीण आहे. एवढी ओळख बहुतेकांना असते. याच गावातून १९८०च्या दशकात एक फसफसती वाइन थेट लंडनच्या बाजारात गेली, हे मात्र फारसं कुणी सांगत नाही. तिची वंशावळ शोधत मागे गेलं की एक जर्मन कापड व्यापारी भेटतो. दिवसरात्र यंत्रमागांची खटखट ऐकत वाढलेल्या मला या गोष्टीचं अप्रूप आहे ते त्यामुळेच.

फ्लोरेन्स-लुई हाइडसिक हा वेस्टफालियातल्या एका धर्मोपदेशकाचा मुलगा. कापडाच्या धंद्यासाठी तो फ्रान्समधल्या रेंस शहरात आला, कारण रेंसची लोकर तेव्हा नावाजलेली होती. तिथे त्याला वाइनची गोडी लागली आणि १७८५ साली त्याने स्वतःची पेढी काढली. राणी मारी आंत्वानेतला त्याने आपली वाइन नजर केली, असं पेढीच्या इतिहासात सांगतात. पुढे पुतण्या क्रिस्तियान वारला, त्याच्या विधवेने धंद्यातल्याच पिपर यांच्याशी लग्न केलं आणि पेढीचं नाव झालं पिपर-हाइडसिक. क्रुग, मुम, बोलिंजर, डॉइट्स ही शॅम्पेनमधली मोठी नावंही मुळात जर्मनच. उलटा प्रवास केला तो केसलरने. रेंसच्या विधवा क्लिको यांच्या पेढीत तो शिकला, मायदेशी परतला आणि १८२६मध्ये एसलिंगनला त्याने कारखाना घातला. जर्मनीतली ती सर्वांत जुनी फसफसत्या वाइनची पेढी.

हीच विद्या नारायणगावात आणली उद्योजक शामराव चौगुले यांनी. पिपर-हाइडसिकचं तांत्रिक साहाय्य त्यांनी मिळवलं, फ्रेंच तज्ज्ञ इथे येऊन राहिले. सह्याद्रीच्या पायथ्याची, समुद्रसपाटीपासून सुमारे ७०० मीटर उंचीवरची चुनखडीयुक्त जमीन त्यांना मानवली. शार्दने, पिनो न्वार या वेली इथे रुजल्या. वाइनचं नाव ठेवलं ‘ओमर खय्याम’. देशात विकायला ‘मार्क्विस द पाँपादूर’ आली. कंपनी म्हणजे शॅम्पेन इंडाज.

आपल्या बागाइतदाराचा सगळा जीव गोडीत. ऑक्टोबरची छाटणी झाली की डावणी-भुरी या रोगांपासून घड जपायचे, ब्रिक्स म्हणजे रसातली साखर वाढायची वाट पाहायची आणि फेब्रुवारी-मार्चमध्ये साखर भरली की माल काढायचा. इथे मागणी आली आंबट द्राक्षांची. फसफसत्या वाइनला आम्लता टिकलेली हवी, म्हणून साखर पुरती भरण्याआधीच घड तोडायचे. आयुष्यभर गोड द्राक्ष पिकवलेल्या माणसाला तो घड उतरवताना काय वाटलं असेल!

आमच्याकडे अशा वाइनची एक रिकामी बाटली आहे. गडद हिरवी आणि हातात घेतली की वजन जाणवावं इतकी जाड. बुडाला आत खोलगट, अंगठा सहज बसतो. ही जाडी गरजेची आहे, कारण वाइन दुसऱ्यांदा आंबते ती बाटलीतच. तयार वाइनमध्ये थोडी साखर आणि यीस्ट घालून बाटली बंद करतात. आत वायू कोंडतो, दाब मोटारीच्या टायरच्या जवळजवळ तिप्पट होतो. नंतर बाटल्या तिरक्या फळ्यांच्या भोकांत मान खाली करून लावतात आणि दररोज थोड्याथोड्या फिरवतात. हाताला जरासा हिसका, पुढची बाटली, पुन्हा हिसका. आठवड्यांमागून आठवडे असं केलं की गाळ मानेशी उतरतो. मान गोठवून झाकण काढलं की आतल्या दाबानेच गाळाचा बर्फ बाहेर फेकला जातो. मग तेवढी जागा भरून काढायची, बूच ठोकायचं, तार आवळायची.

धोट्याची कांडी भरणाऱ्या हातांना ही कामाची लय ओळखीची वाटेल.

कंपनीने पुढे परदेशातही वाइनचे व्यवसाय विकत घेतले. २००८च्या जागतिक मंदीनंतर कर्ज डोईजड झालं आणि काही वर्षांतच ती अवसायनात निघाली. त्या काळात राज्यात वाइनला उठाव नव्हता, कित्येक शेतकऱ्यांनी वाइनच्या वेली उपटून टाकल्या. तो तोटा बाग लावणाऱ्याच्या अंगावर पडला, हे विसरून नारायणगावचं कौतुक करता येणार नाही. तरीही महाराष्ट्राच्या वाइनचा इतिहास लिहिताना पहिलं पान नारायणगावचंच असायला हवं. आज मान आहे तो नाशिकला. पुणे-नाशिक रस्त्यावर या कामाची खूण सांगणारा एक फलक उभा राहावा, असं मला मनापासून वाटतं.

२०१३मध्ये शाँदों ही फ्रेंच पेढी नाशिकच्या दिंडोरीची फसफसती वाइन घेऊन भारतात आली. हिवाळा सरता सरता तिकडच्या मळ्यांतही आता घड पुरते गोड होण्याआधीच उतरवले जातात.