शैक्षणिक कर्ज: भ्यायचं कशाला, कशाला नाही

सीईटीचे पर्सेंटाइल हातात आले की घराघरांत दोन वाक्यं ऐकू येतात. एक म्हणजे, ‘वावर विकू, पण पोराच्या डोक्यावर कर्ज नको.’ दुसरं, ‘सरकारनं मुलींचं शिक्षण फुकट केलंय, आपल्याला कसली काळजी!’ पहिलं म्हणणारे नको तिथे घाबरलेले असतात आणि दुसरं म्हणणारे नको तिथे निश्चिंत. शिक्षणाच्या पैशांबद्दलचे आपले बहुतेक गैरसमज या दोन टोकांच्या मध्ये कुठेतरी सापडतात.

आधी फुकट शिक्षणाचं पाहू. महाराष्ट्र सरकारनं ८ जुलै २०२४ च्या शासन निर्णयानं व्यावसायिक अभ्यासक्रमांना प्रवेश घेणाऱ्या ईडब्ल्यूएस, एसईबीसी आणि ओबीसी प्रवर्गांतल्या मुलींना शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्क यांत पन्नासऐवजी शंभर टक्के सवलत दिली. सवलत मोठी आहे, पण तिला कुंपणं आहेत. कुटुंबाचं वार्षिक उत्पन्न आठ लाखांच्या आत हवं, प्रवेश केंद्रीय प्रक्रियेतून म्हणजे कॅप राऊंडमधून झालेला हवा आणि संस्था खासगी अभिमत किंवा स्वयंअर्थसहाय्यित विद्यापीठ नको. शिवाय माफी फक्त शिक्षण आणि परीक्षा शुल्काची आहे. वसतिगृह, मेस, पुस्तकं, लॅपटॉप, गावाहून येण्याजाण्याचं भाडं हे सगळं घरातूनच जातं. पुण्यात कॉट बेसिसवर राहणाऱ्या मुलीच्या बापाला विचारा, ‘फुकट’ शिक्षणाला महिन्याला किती लागतात ते!

याच्या उलटा गैरसमज खुल्या प्रवर्गात आढळतो: ‘आपल्याला काही मिळत नाही.’ ज्या योजनेला सगळे ईबीसी म्हणतात, ती राजर्षी शाहू महाराज शिक्षण शुल्क शिष्यवृत्ती योजना आठ लाखांच्या आतल्या कुटुंबातल्या मुलालाही निम्मं शुल्क देते. वसतिगृहाच्या खर्चासाठी डॉ. पंजाबराव देशमुख निर्वाह भत्ता योजना आहे. अनुसूचित जातीच्या आणि नवबौद्ध विद्यार्थ्यांना सरकारी वसतिगृहात जागा मिळाली नाही, तर स्वाधार योजना आहे. गोव्यात शिक्षण विकास महामंडळ बिनव्याजी शैक्षणिक कर्ज देतं. यातलं काहीच आपोआप दारात येत नाही. शिष्यवृत्तीसाठी महाडीबीटीवर अर्ज भरावा लागतो, दर वर्षी त्याचं नूतनीकरण करावं लागतं, तहसीलदाराचा उत्पन्नाचा दाखला चालू वर्षाचा लागतो आणि बँक खातं आधारला जोडलेलं असावं लागतं. पहिल्या वर्षी शिष्यवृत्ती घेऊन दुसऱ्या वर्षी नूतनीकरण विसरणारी मुलं प्रत्येक कॉलेजात असतात. पैसे येतात ते हप्त्यांनी आणि पुष्कळदा उशिरा, म्हणून पहिल्या सत्रापुरती गंगाजळी घरात असलेली बरी.

आता मला सर्वांत महत्त्वाचा वाटणारा मुद्दा. पैशाचा निर्णय बँकेत होतो असं लोक समजतात, पण तो त्याआधीच, ऑप्शन फॉर्म भरताना झालेला असतो. कॅपमध्ये मनासारखी शाखा मिळाली नाही म्हणून त्याच कॉलेजात मॅनेजमेंट कोट्यातली सीट घेतली की ईबीसी गेली. केंद्राच्या पीएम विद्यालक्ष्मी या शैक्षणिक कर्ज योजनेचंही दार बंद झालं, कारण तीही गुणवत्तेवर मिळालेल्या प्रवेशालाच लागू आहे. म्हणजे कोट्याची सीट नुसत्या फीच्या फरकाएवढी महाग नसते, हातून निसटलेल्या सवलतीही तिच्या किमतीत धरायला हव्यात. वर कोणी ‘डोनेशनसुद्धा कर्जातून होऊन जाईल’ असं सांगत असेल, तर ते साफ खोटं आहे. बँक पैसे देते ते संस्थेच्या अधिकृत शुल्क-तक्त्यावरून आणि थेट संस्थेच्या खात्यात. महाराष्ट्रात कॅपिटेशन फी घेणं १९८७ च्या कायद्यानं गुन्हा आहे. पावती नसलेल्या रकमेला कर्ज कुठून मिळणार?

कर्जाकडे वळताना आधी कमीपणाची भावना बाजूला ठेवू. परक्या पैशावर शिकणं आपल्याकडे नवं नाही. जे. एन. टाटा एन्डॉमेंट १८९२ पासून परदेशी शिकायला जाणाऱ्यांना जी मदत देते, ती परत करायचं कर्ज म्हणूनच. जयंत नारळीकर केंब्रिजला गेले ते टाटा शिष्यवृत्ती घेऊन. बाबासाहेब आंबेडकरांना १९१३ मध्ये सयाजीराव गायकवाडांनी कोलंबियाला पाठवलं, तेव्हा शिक्षण संपल्यावर दहा वर्षं बडोदा संस्थानची नोकरी करण्याचा करार झाला होता. मदतीला अट असणं ही जुनीच रीत आहे. अट वाचून सही करायची, इतकंच.

‘तारण नाही, तर कर्ज नाही’ हे वाक्य तर इतकं मुरलंय की कित्येक जण बँकेची पायरीही चढत नाहीत. रिझर्व्ह बँकेचा नियम सरळ आहे: चार लाखांपर्यंतच्या शैक्षणिक कर्जाला बँकेनं तारण मागायचं नाही. साडेसात लाखांपर्यंत केंद्राच्या पत हमी निधीखाली बसणाऱ्या कर्जाला तारण लागत नाही आणि तिऱ्हाईत जामीनदारही लागत नाही. आई किंवा वडील सहकर्जदार म्हणून सही करतात. त्यापुढच्या रकमेला साधारणपणे घर, जमीन किंवा मुदत ठेव तारण द्यावी लागते. पण आयआयटी, आयआयएमसारख्या संस्थांच्या विद्यार्थ्यांना अनेक बँका त्याहून मोठी रक्कमही विनातारण देतात. पीएम विद्यालक्ष्मी योजना नोव्हेंबर २०२४ मध्ये मंजूर झाली. तिच्यात एनआयआरएफ क्रमवारीवरून निवडलेल्या संस्थांतल्या प्रवेशाला तारण आणि जामीनदार दोन्ही लागत नाहीत. सुरुवातीच्या यादीत ८६० संस्था होत्या, आणि ती यादी दर वर्षी नव्यानं केली जाते. साडेसात लाखांपर्यंतच्या अशा कर्जात बँकेचं नुकसान झालं, तर ७५ टक्क्यांची हमी सरकार घेतं.

तरीही शाखेत ‘तुम्ही आमच्या सर्व्हिस एरियात येत नाही’ असं ऐकायला मिळतं. रिझर्व्ह बँकेनं २०१२ मध्येच बँकांना कळवलं आहे की विद्यार्थ्याचं राहण्याचं ठिकाण शाखेच्या सेवाक्षेत्रात नाही, या कारणावरून शैक्षणिक कर्ज नाकारू नका. विद्यार्थ्याचा सिबिल स्कोअर कमी आहे म्हणून शैक्षणिक कर्ज नाकारता येणार नाही, असं केरळ उच्च न्यायालयानं २०२३ मध्ये म्हटलं. काउंटरवरचा तोंडी नकार घेऊन घरी येऊ नये. अर्ज लेखी किंवा विद्यालक्ष्मी पोर्टलवरून करावा आणि नकाराचं कारण लेखी मागावं. लेखी कारण द्यायची वेळ आली की बऱ्याच शाखांना नियम आठवतात, असा माझा समज आहे.

कर्ज फक्त फीसाठी मिळतं, हेही खरं नाही. वसतिगृह, मेस, पुस्तकं, उपकरणं, लॅपटॉप, परीक्षा शुल्क हे सगळं कर्जात बसतं.

आता भ्यायचं कशाला, ते. बहुतेकांना हप्त्याची भीती वाटते. खरं भय वाटायला हवं ते हप्ता नसलेल्या काळाचं. अभ्यासक्रमाची वर्षं आणि त्यापुढचं एक वर्ष हप्ता नसतो, आणि तेवढा काळ व्याजही नसतं असं पुष्कळांना वाटतं. व्याज पहिल्या दिवसापासून चढत असतं. या काळात ते सरळव्याजानं मोजतात आणि परतफेड सुरू होताना मुद्दलात मिळवतात.

एक हिशेब मांडू. चार वर्षांच्या अभियांत्रिकीसाठी साडेसात लाखांचं कर्ज, वर्षाला १,८७,५०० असं चार वेळा उचललेलं, व्याजदर दहा टक्के. पहिल्या वर्षीची रक्कम परतफेडीपर्यंत पाच वर्षं व्याज कमावते, दुसरी चार, तिसरी तीन, चौथी दोन. एकूण व्याज होतं २,६२,५००. मुलगा नोकरीला लागून पहिला हप्ता भरायला जातो, तेव्हा त्याचं कर्ज साडेसात नाही, १०,१२,५०० रुपये असतं. ते पंधरा वर्षांत फेडायचं ठरवलं तर हप्ता सुमारे १०,८८० बसतो आणि एकूण भरणा जवळपास १९ लाख ५८ हजार होतो. सात वर्षांत फेडलं तर हप्ता सुमारे १६,८०० आणि एकूण भरणा १४ लाख १२ हजारांच्या आसपास. लहान हप्ता पाहून खूश होणाऱ्यानं ही बेरीज एकदा स्वतःच्या हातानं करून पाहावी.

याच कर्जाचं नुसतं व्याज घरच्यांनी शिकण्याच्या काळातच भरत गेलं तर? पहिल्या वर्षी महिन्याला सुमारे १,५६०, दुसऱ्या वर्षी ३,१२५, तिसऱ्या वर्षी ४,६९०, त्यानंतर ६,२५०. मग परतफेड सुरू होते ती साडेसात लाखांवरच. सात वर्षांचा हप्ता १६,८०० वरून १२,४५० वर येतो आणि आधी भरलेलं व्याज धरूनही एक लाखाच्या वर वाचतात. असं व्याज वेळच्या वेळी भरणाऱ्याला काही बँका दरात एक टक्का सूटही देतात. पहिल्या वर्षीचे पंधराशे रुपये बहुतेक नोकरदार घरांना जड नाहीत. पण बँक ते मागत नाही आणि आपण विचारत नाही.

हे व्याज सरकारही भरतं, अटी पाळल्या तर. कुटुंबाचं उत्पन्न साडेचार लाखांच्या आत असेल आणि अभ्यासक्रम मान्यताप्राप्त संस्थेतला तांत्रिक किंवा व्यावसायिक असेल, तर दहा लाखांपर्यंतच्या कर्जावरचं हप्ता नसलेल्या काळातलं सगळं व्याज केंद्र सोसतं. आठ लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्यांना पीएम विद्यालक्ष्मीत तीन टक्के व्याज सवलत आहे. वरच्या उदाहरणात ती ७८ हजारांच्या घरात जाते. मात्र दुसरी सरकारी शिष्यवृत्ती किंवा व्याज सवलत मिळत असेल, तर ही तीन टक्क्यांची सवलत मिळत नाही. ईबीसीतून निम्मी फी वाचत असेल तर बहुधा तीच जास्त फायद्याची. पण आपल्या कॉलेजच्या फीचा आकडा घालून पाहिल्याशिवाय ठरवू नये. अट पाळूनही सवलत न मिळण्याचं नेहमीचं कारण म्हणजे उत्पन्नाचा दाखला वेळेत बँकेत न देणं. ओबीसी महामंडळाची शैक्षणिक कर्ज व्याज परतावा योजना वेगळी आहे, तीही विचारून ठेवावी.

नोकरी नाही लागली तर सरकार कर्ज माफ करील, ही आशा मात्र सोडून द्यावी. शेतीकर्जाच्या माफीची सवय झालेल्या आपल्या राज्यात ती सहज रुजते. हप्ते थकले की मुलाबरोबर सहकर्जदार बापाचाही सिबिल बिघडतो आणि पुढे धाकटीच्या कर्जाला तेच आडवं येतं. माफी नसली तरी बँकांच्या आदर्श योजनेत बेरोजगारीच्या काळासाठी हप्ते पुढे ढकलण्याची सोय आहे. हप्ता चुकण्याच्या आधी बँकेत जाऊन ती मागावी लागते.

करसवलतीबद्दलही घोळ आहे. शैक्षणिक कर्जावर प्राप्तिकरात वजावट मिळते ती फक्त व्याजाची, मुद्दलाची नाही. तिला रकमेची मर्यादा नाही, पण ती आठ वर्षंच मिळते आणि जुनी कररचना निवडली तरच. मामाकडून घेतलेल्या उसन्यावर ती नाही.

बचतीच्या बाबतीत ‘सुकन्या उघडलीय, शिक्षणाची सोय झाली’ हे सर्रास ऐकू येतं. खातं पूर्ण होतं ते उघडल्यापासून २१ वर्षांनी. मुलगी नऊ वर्षांची असताना उघडलं तर ती तिशीत पोचल्यावर. शिक्षणासाठी दहावीनंतर किंवा अठराव्या वर्षी काढता येते ती रक्कम मागच्या आर्थिक वर्षअखेरच्या शिलकीच्या निम्म्यापर्यंत, तीही प्रत्यक्ष फीएवढी. योजना चांगली आहे, फक्त बारावीच्या जून महिन्यात तिच्यातून सगळे पैसे निघणार नाहीत. बालविमा पॉलिसीबद्दल माझं मत जरा कडक आहे: विमा वेगळा घ्यावा, बचत वेगळी करावी. आणि पन्नाशीच्या बापानं पीएफ रिकामा करून फी भरण्यापेक्षा वरच्या हिशेबातलं महिन्याचं व्याज भरणं केव्हाही बरं.

परदेशी जाणाऱ्यांसाठी थोडक्यात. चार लाखांवरच्या कर्जात देशात पाच टक्के, तर परदेशासाठी पंधरा टक्के रक्कम साधारणपणे घरातून घालावी लागते. कर्ज रुपयात मंजूर होतं आणि फी डॉलरमध्ये जाते. रुपया घसरला की दुसऱ्या वर्षी मंजूर रक्कम अपुरी पडते. तिथे पार्टटाइम करून फी निघते, हा समज अमेरिकेच्या विद्यार्थी व्हिसावर टिकत नाही. सत्र चालू असताना आठवड्याला वीस तासांची मर्यादा आहे, आणि तेही कॅम्पसवरच. त्यातून जेवणखाण निघालं तरी पुष्कळ झालं. बँकेच्या शैक्षणिक कर्जातून पाठवलेल्या पैशावर १ एप्रिल २०२५ पासून टीसीएस मात्र लागत नाही.

लवकर फेडलं तर बँक दंड लावते, या भीतीनं बोनसचे पैसे खात्यात पडून राहतात. व्यक्तींनी धंद्याव्यतिरिक्त कारणासाठी घेतलेल्या फ्लोटिंग दराच्या कर्जाला मुदतीआधी फेडीचा दंड लावायला रिझर्व्ह बँकेची मनाई आहे. आणि घर तारण दिलं असेल, तर सगळं कर्ज फिटल्यावर तीस दिवसांच्या आत मूळ कागदपत्रं परत द्यायची आहेत. बँकेच्या चुकीनं उशीर झाला तर १ डिसेंबर २०२३ पासूनच्या नियमाप्रमाणे दर दिवसाला पाच हजार रुपये भरपाई कर्जदाराला मिळते.