कानांनी पाहायच्या वस्तू

संग्रहालयाची गोष्ट पॉडकास्टवर सांगताना पहिली अडचण उघड आहे: वस्तू दिसत नाही. ब्रिटिश म्युझियम आणि बीबीसी रेडिओ ४ यांनी २०१० मध्ये याच अडचणीवर एक मोठी मालिका उभी केली. ‘अ हिस्टरी ऑफ द वर्ल्ड इन १०० ऑब्जेक्ट्स’ हे तिचे नाव. संग्रहालयाचे तेव्हाचे संचालक नील मॅकग्रेगर यांनी तिच्यात शंभर वस्तूंच्या आधारे माणसाचा सुमारे वीस लाख वर्षांचा इतिहास सांगितला. भाग साधारण पंधरा मिनिटांचा आणि एका भागात वस्तू एकच. काळाच्या एका टोकाला टांझानियातील ओल्डुवाईचे दगडी हत्यार, दुसऱ्या टोकाला सौरऊर्जेवर चालणारा दिवा. मध्ये सिंधू संस्कृतीची मुद्रा आणि सम्राट अशोकाच्या स्तंभाचा एक तुकडाही येतो.

वस्तू निवडण्यामागे विचार होता. लिखित इतिहासात लिहिणाऱ्यांचेच म्हणणे उरते. ज्या समाजांना लिपी नव्हती किंवा ज्यांचे लेखन नष्ट झाले, त्यांच्याविषयी त्यांची भांडी, हत्यारे आणि दागिनेच बोलू शकतात.

सांगण्याची रीतही विषयाला साजेशी होती. वस्तू केवढी आहे, कशाची आहे, कुठे झिजली आहे, हे आधी शब्दांत उभे करायचे आणि मग ती ज्या जगातून आली त्या जगात शिरायचे. सोबतीला तज्ज्ञ असत, तसे इतर क्षेत्रांतले लोकही. इंग्लंडमधील सटन हू येथील शिरस्त्राणाविषयी आयरिश कवी शेमस हीनी बोलले.

आवाजाचे बळ सर्वांत चांगले कळते ते साध्या दिसणाऱ्या वस्तूंच्या बाबतीत. मालिकेत आलेली, आजच्या इराकमधील निनेव्हे येथे सापडलेली जलप्रलयाची मृत्तिकापाटी जेमतेम पंधरा सेंटिमीटर उंचीची, मातकट आणि तुटकी आहे. दालनातून जाणारा माणूस तिच्यापाशी क्वचितच थांबेल. पण १८७२ मध्ये जॉर्ज स्मिथ या संशोधकाने तिच्यावरची क्यूनिफॉर्म (कीलाकार) लिपीतली अक्षरे वाचली, तेव्हा बायबलातील नोहाच्या कथेशी मिळतीजुळती प्रलयकथा तिच्यात निघाली. त्या आनंदाच्या भरात स्मिथ खोलीभर धावत सुटले आणि अंगावरचे कपडे उतरवू लागले, असे सांगितले जाते. हा प्रसंग ऐकलेल्या माणसाला ती पाटी पुन्हा कधी साधी वाटणार नाही.

संग्रहालयात मिळणारा ऑडिओ गाइड वस्तूसमोर उभ्या असलेल्या माणसासाठी असतो. त्यात वर्णन थोडे असले तरी चालते. पॉडकास्टचा श्रोता मात्र लोकलमध्ये असतो, स्वयंपाकघरात असतो, कदाचित दुसऱ्याच खंडात असतो. ब्रिटिश म्युझियमच्या सुमारे ऐंशी लाख वस्तूंपैकी एका वेळी जवळपास एक टक्काच मांडलेल्या असतात, हे लक्षात घेतले की अशा श्रोत्यापर्यंत पोहोचण्याचे मोल कळते.

वस्तूंतून इतिहास सांगण्याची ही रीत आवाजापुरती राहिली नाही. शंभर वस्तूंच्या त्या मालिकेचे प्रमुख अभिरक्षक जे. डी. हिल यांनी पुढे कला-इतिहासकार नमन आहुजा यांच्यासह ‘इंडिया अँड द वर्ल्ड’ हे प्रदर्शन रचले. नऊ कथांत मांडलेले हे प्रदर्शन नोव्हेंबर २०१७ मध्ये मुंबईच्या छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयात सुरू झाले आणि नंतर दिल्लीच्या राष्ट्रीय संग्रहालयात गेले.

मात्र संग्रहालय स्वतः गोष्ट सांगते, तेव्हा वस्तू तिथे कशी आली हा प्रश्न मागे पडू शकतो. तो बाहेरच्यांनी विचारावा लागतो. ऑस्ट्रेलियाच्या एबीसी या प्रसारण संस्थेने २०२० मध्ये सुरू केलेले मार्क फेनेल यांचे ‘स्टफ द ब्रिटिश स्टोल’ हे पॉडकास्ट याच प्रश्नावर उभे आहे. त्याच्या पहिल्या भागाचा विषय टिपू सुलतानाचा वाघ. गोऱ्या माणसावर झेपावलेला हा लाकडी वाघ १७९९ मध्ये श्रीरंगपट्टण पडल्यावर इंग्रजांच्या हाती लागला आणि आज लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट म्युझियममध्ये आहे. त्याच्या पोटात ऑर्गन बसवलेला आहे; दांडा फिरवला की वाघाची गुरगुर आणि माणसाचा आक्रोश ऐकू येतो. अशा वस्तूची ओळख आवाजातूनच व्हायला हवी. ती लुटीत गेली, हेही त्याच दमात सांगायला हवे.